तापणाऱ्या काचेचे मिस्त्री

मिस्त्री काच हातात आली की आधी तिच्यावर तोंडाची वाफ सोडायचे. अगदी जवळून, ‘हाः’ करून, लहान मुलं आरशाशी करतात तशी. काच धूसर झाली की तिच्या दोन कडांना ट्रान्सफॉर्मरचे चिमटे लावायचे आणि मान तिरकी करून बघत बसायचे. काच तापायला लागली की वाफ उडायची. ती कुठून आधी उडते, कुठे रेंगाळते, कुठे हलतच नाही, एवढंच ते बघायचे. सगळीकडून सारखी उडाली तर न बोलता काच डावीकडे ठेवायची. एखादा कोपरा पांढरा राहिला तर म्हणायचे, "हितं मेलीय," आणि काच उजवीकडे.

मी बी.एस्सी. झालेली, माझ्यापुढे काट्याचं मीटर. मला हा प्रकार गावठी वाटायचा. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी त्यांच्या उजवीकडच्या काचा गुपचूप मीटरवर तपासल्या. मिस्त्रींनी जो कोपरा मेला म्हणून सांगितला होता, तोच कोपरा मीटरनेही मेला म्हणून दाखवला. एकही चूक सापडली नाही. याचा मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही.

तुम्ही म्हणाल, काचेतून कुठे वीज जाते? बरोबर आहे, जात नाही. पण काच भट्टीत घालून लाल होण्याच्या जरा अलीकडे तापवायची, ओढून बाहेर काढायची आणि तिच्यावर कथिलाच्या क्षाराचं स्पिरिटमधलं पाणी गनने फवारायचं. गरम काचेवर ते पडलं की धूर होतो आणि मागे एक थर राहतो. हा थर इतका पातळ असतो की डोळ्यांना दिसत नाही, नखाने निघत नाही आणि आरपार स्वच्छ बघता येतं. आणि त्या थरातून वीज जाते. मग काच तापते, तिच्यावर धुकं धरत नाही. इंजिनांच्या पुढच्या काचा, शीतगृहांच्या दारांच्या काचा अशा कामांना ती लागायची. सत्तरचं दशक सरत आलं होतं. खालापूर तालुक्यात, डोळवली स्टेशनाला उतरून पंधरा मिनिटं चाललं की आमची पत्र्याची शेड यायची. आत एक भट्टी, एक फवारणीचं कपाट, काचा धुण्याची टाकी आणि कोपऱ्यात पार्टिशन घालून केलेली माझी लॅब. मी कर्जतहून खोपोलीच्या छोट्या गाडीने जायचे, यायचे.

माझं काम तुलना करण्याचं. या काचेतून उजेड किती जातो, त्या काचेतून किती. हिचा थर विजेला किती अडवतो, तिचा किती. गोम अशी, की थर जाड दिला तर वीज सुखाने जाते, पण काच दुधाळ होते. पातळ दिला तर काच निर्मळ दिसते, पण वीज अडते. मिस्त्रींनी हे मला एका वाक्यात शिकवलं होतं.

"दोन सवती हायत त्या ताई. एकीला जास्त दिलं की दुसरी रुसती."

दोघींना नांदवायचं तर नेमक्या क्षणी गन थांबवावी लागे. साबणाच्या फुग्यावर रंग फिरतात तसे रंग काचेवर फवारताना फिरायचे. आधी गवती पिवळा, मग जांभळट, मग निळा आणि परत पिवळा. त्या दुसऱ्या पिवळ्याच्या उंबरठ्यावर मिस्त्रींचं बोट गनच्या घोड्यावरून सुटायचं. काचेची एक बाजू आधी निवते हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून तिकडे हात जरा रेंगाळायचा. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आधी ते लोखंडी कपाटं फवारून रंगवायचे. आमच्या साहेबांनी, म्हणजे मालकांनी, तो हात पाहून त्यांना इकडे आणलं होतं. कुणी घाई केली की मिस्त्री म्हणायचे, "दमानं. काच कुठं पळतीय?" साहेब चिडायचे, पण थांबायचे.

सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे, पण त्यांच्या कार्डावर ‘हेल्पर’ असं होतं. ‘हंगामी’ असंही होतं. पंचेचाळिशीचा माणूस, भट्टी त्याच्यावाचून पेटत नसे, आणि कार्डावर हेल्पर. साहेब वाईट नव्हते. ते इंजिनियर होते, हुशार होते आणि असल्या गोष्टी पुढच्या महिन्यावर टाकायचे.

फवारणीचा धूर घशाला लागायचा. कपाटाला पंखा होता, पण तो मूड असेल तसा चालायचा. कंपनी धुरावर उतारा म्हणून रोज गुळाचा खडा द्यायची. मिस्त्री तो कागदात गुंडाळून खिशात टाकायचे. मी एकदा विचारलं, खात का नाही? म्हणाले, पोरीला गूळ आवडतो. मग ते खोकायचे. तेव्हा आम्हाला त्या खोकल्याची इतकी सवय झाली होती, की तो थांबला की आम्ही वर बघायचो.

जेवायला ते बाहेर नळापाशी, एका दगडावर बसायचे. आम्ही लॅबवाले, ऑफिसवाले आत टेबलावर. त्यांचं गाव कशेळ्याच्या पलीकडे, घर बौद्धवाड्यात. पहाटे निघून कशेळ्याहून एस.टी.ने कर्जत आणि पुढे माझीच गाडी. गाडीत आम्ही एका बाकावर बसून बोलायचो, आणि कारखान्यात जेवताना मात्र ते दगडावर. तीन वर्षांत मी त्यांना एकदाही आत बसा म्हटलं नाही. सुचलंच नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत होते. सुचलं होतं. कोण काय म्हणेल म्हणून बोलले नाही. ही लाज मला उशिरा वाटली, पण वाटली.

त्यांचा एक किस्सा सांगते, म्हणजे माणूस कसा होता ते कळेल. एका मोठ्या गिऱ्हाइकाचे दोन तपासनीस आले होते. वीस काचा टेबलावर मांडलेल्या. ते पाचसहा काचा तपासून समाधानाने चहाकडे वळले. साहेबांचा चेहरा फुलला. तेवढ्यात मिस्त्री पुढे झाले आणि त्यांनी मागच्या रांगेतली एक काच उचलली. म्हणाले, ही नका नेऊ, हिचा डावा कोपरा मेलाय, सकाळी बघायचा राहिला. साहेबांनी नंतर त्यांना ऑफिसात बोलावून बरंच सुनावलं. मिस्त्री बाहेर आले तेव्हा मी म्हटलं, गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू काही मीच चुकीचा आकडा लिहिला होता.

गाडीत एकदा त्यांनी मनातलं सांगितलं. मुलगी कशेळ्याच्या शाळेत सातवीला होती. शाळेचा फॉर्म भरताना गुरुजींनी बापाचा धंदा म्हणून ‘मजूर’ लिहिलं. मिस्त्री म्हणाले, माझा बा गावची मेलेली ढोरं ओढायचा. छप्पन साली आमी ते काम सोडलं, म्हातारा उपाशी राहिला पर परत दोरीला हात नाय लावला. मग म्हणाले, "मजुरी वाईट नाय ताई. पर मी करतो ते येगळं हाय. त्याला नाव असंल ना कायतरी?"

नाव होतं. ‘ऑपरेटर’. कंपनीच्या छापील कागदावर, सहीशिक्क्यासह, कायम नोकरीच्या पत्रात तो एक शब्द त्यांना हवा होता. त्यांना दुसरं काही मागताना मी तोवर ऐकलं नव्हतं.

ती संधी आली ती अशी. साहेबांनी पुण्याहून एक यंत्र चाचणीला आणलं. रुळावर बसवलेली गन, मोटर तिला एका वेगाने पुढेमागे नेणार, घड्याळ लावलं की आपोआप थांबणार. बटण दाबायला कोणीही चाललं असतं. साहेबांनी सगळ्यांसमोर ठरवलं: दहा काचा यंत्राच्या, दहा मिस्त्रींच्या. ताई मोजतील. मिस्त्रींच्या काचा यंत्राच्या तोडीच्या निघाल्या तर यंत्र परत जाईल आणि मिस्त्रींना कायमचं पत्र मिळेल. नाही निघाल्या तर यंत्र राहील आणि मिस्त्रींनी पॅकिंगला जावं.

मिस्त्रींनी मान हलवली. त्या दिवशी गाडीत ते नेहमीपेक्षा जास्त बोलले. पत्र मिळालं तर मुलीला आठवीला कर्जतच्या शाळेत घालायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

श्रावण चालू होता. यंत्राच्या काचा सोमवारी झाल्या. मग भट्टीची कॉइल जळाली आणि ती बदलण्यात दोन दिवस गेले. मिस्त्रींच्या काचा झाल्या गुरुवारी सकाळी. ते फवारत होते तेव्हा मी कपाटाशेजारी उभी होते. मधे एकदा त्यांना खोकल्याची उबळ आली आणि हात हलला, एवढं मला अंधुक आठवतं.

आता इथे एक बारीक गोष्ट आहे, ती लक्षात घ्या. काच मोजण्याआधी तिच्या दोन कडांना चांदीच्या लेपाच्या पट्ट्या ओढाव्या लागत. मीटरच्या तारा त्या पट्ट्यांवर टेकवायच्या. पट्टी पुरती वाळली नसेल तर वीज तिच्यातच अडते आणि मीटरला वाटतं, थरच वाईट आहे. हा लेप परदेशातून छोट्या डब्यातून यायचा. डब्यावर लिहिलेलं असायचं, वाळायला चार तास. मिस्त्री म्हणायचे, उन्हाळ्यात एक रात्र, पावसाळ्यात दोन. आम्ही लॅबवाले डब्याचं ऐकायचो, पण काम इतकं संथ चालायचं की काचा तशाही दोनतीन दिवस पडून राहायच्या. त्यामुळे डबा खरा की मिस्त्री, हे कधी ठरलंच नव्हतं.

गुरुवारी सकाळी दहाला मी त्यांच्या काचांना चांदी लावली. साहेबांना शुक्रवारी पुण्याला कळवायचं होतं, त्यांना अहवाल आजच हवा होता. मला पाच वीसची गाडी गाठायची होती, ती चुकली की पुढची आठनंतर. दुपारी दोनला मी मीटर जोडलं. मिस्त्री लॅबच्या दारात आले. आत ते कधी येत नसत.

"ताई, चांदी वल्ली हाय. शनवारी मोजा."

मी डबा उचलून त्यांच्यापुढे धरला आणि त्यावरच्या ओळीवर बोट ठेवलं. म्हटलं, चार तास लिहिलंय मिस्त्री, चार तास झाले. त्यांनी डबा हातात घेतला, फिरवून पाहिला. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि ते मला माहीत होतं. डबा त्यांनी जागेवर ठेवला, "बरं," म्हणाले आणि गेले.

मीटरचा काटा एका जागी ठरत नव्हता. तेवढ्यावरून मला कळायला हवं होतं. यंत्राच्या काचांवर काटा कसा खिळ्यासारखा उभा राहिला होता. पण यंत्राच्या काचांची चांदी सोमवारपासून वाळत होती, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आलं असेल तर मी ते आत येऊ दिलं नाही. उजेडाच्या बाबतीत मिस्त्रींच्या काचा सरस होत्या, ते मी लिहिलं. विजेच्या रकान्यात दहाही काचांपुढे मोठे आकडे टाकले आणि शेरा लिहिला, ‘अस्थिर’. खाली सही केली. पाच वीसची गाडी मला मिळाली.

सोमवारपासून मिस्त्री पॅकिंगला. लाकडी पेट्यांत पेंढा भरायचा, काचा उभ्या लावायच्या, वर खिळे मारायचे. पेंढ्याची धूळ धुरापेक्षा वाईट. यंत्र चांगलं होतं, उगाच नावं ठेवणार नाही. ते खोकत नव्हतं आणि कुणाला उलट बोलत नव्हतं. भट्टीकडे मिस्त्री त्यानंतर फिरकले नाहीत. गाडीत ते दुसऱ्या डब्यात बसायला लागले. मला वाटलं, राग आला असेल, जाईल. मी बावीस-तेवीस वर्षांची होते, माझी स्थळं बघणं चालू होतं, मला माझे व्याप होते.

दसऱ्याच्या आधी लॅब आवरायला काढली. कपाटाच्या तळाशी त्या वीस काचा होत्या. बाहेर परतीचा पाऊस कोसळत होता, निघता येत नव्हतं, म्हणून नुसतं बसण्यापेक्षा मी मीटर जोडलं. मिस्त्रींची पहिली काच लावली. काटा खिळ्यासारखा उभा राहिला. दुसरी लावली. तिसरी. दहा काचांपैकी नऊ काचा यंत्राच्या सगळ्यात चांगल्या काचेपेक्षा चांगल्या होत्या, उजेडातही आणि विजेतही. एक तेवढी कमी होती, तिचा एक पट्टा अधू होता. मी वीसच्या वीस पुन्हा मोजल्या. मग स्टुलावर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. त्यांनी आकडे शांतपणे वाचले, हुशार माणूस, लगेच समजले. म्हणाले, यंत्र आता बसलंय. झालं ते झालं. तुझी चूक नाही, डब्यावरच लिहिलं होतं. वहीत खाडाखोड करू नकोस. मी वाद घातला नाही, वही बंद केली.

मग पॅकिंगच्या शेडमध्ये गेले. मिस्त्री पेटीवर वाकून खिळे मारत होते. मी एका दमात सगळं सांगितलं. ते ऐकताना त्यांचा हातोडा थांबला, पण चेहरा बदलला नाही.

"मला त्याच दिशी म्हाईत व्हतं ताई."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो व्हतो की. तुमी डबा दावला."

मग त्यांनीच विचारलं, माझ्या त्या दहा काचा आता टाकणार का, टाकणार असाल तर मला द्या. मी दिल्या. त्यांनी त्या पेंढ्यात बांधून दोन खेपांत घरी नेल्या. दिवाळीच्या सुमारास त्यांचं येणं थांबलं. पेंढा सोसवत नाही, असं कुणी तरी म्हणालं. हंगामी माणूस, त्याच्या रजेचा अर्ज नसतो की निरोप समारंभ नसतो.

मला चैन पडेना. अशात कळलं की पनवेलकडे एक नवा कारखाना निघतोय, तेही काच फवारणार आहेत, आणि त्यांना हाताने गन चालवणारा माणूस हवाय. फक्त आधी हे काम केल्याचा कागद पाहिजे. साहेब कंपनीचा कागद देईनात. मग मी साध्या कागदावर माझ्या नावाने लिहिलं. सदर गृहस्थ काचेवर विद्युतवाहक थर देणारे कुशल ऑपरेटर आहेत, मी स्वतः त्यांच्या दहा काचांची यंत्राच्या काचांशी तुलना केली आणि त्यांच्या दहाही काचा सरस निघाल्या. हो, दहाही. एक कमी होती हे मला ठाऊक होतं. पण मी त्यांचं एवढं देणं लागत होते, त्यात एका काचेचं औदार्य मला अगदी किरकोळ वाटलं.

रविवारी कशेळ्याची एस.टी. धरली. मिस्त्री घरी नव्हते, भाताच्या झोडणीला गेले होते. त्यांच्या बायकोने मला ओसरीत बसवलं, कोरा चहा दिला. चहा घेताना वर पाहिलं आणि घोट तोंडातच राहिला. कुडाच्या भिंतीत बांबूच्या चौकटी करून त्या दहा काचा बसवल्या होत्या. तीन बाजूंनी उजेड आत येत होता. मागे माथेरानचा डोंगर दिसत होता, मधे काही नसावं इतका स्वच्छ. वाडीत विजेचा खांब अजून आला नव्हता. बाई म्हणाल्या, "घरात उजेड झाला बगा. आदी दिसायचं नाय." मी कागद त्यांच्या हाती दिला, पनवेलचा पत्ता समजावून सांगितला आणि हलक्या मनाने परतले. झाली फिटंफाट, असं मला वाटलं.

आठ दिवसांनी मिस्त्री सकाळी कर्जत स्टेशनात माझी वाट बघत उभे. फार वाळले होते. खिशातून घडी केलेला कागद काढला. मुलीने वाचून दाखवला होता.

"ताई, यात दहा लिवलंय. ते नऊ करा."

मी म्हटलं, मिस्त्री, एकाने काय फरक पडतो? पनवेलवाल्यांना काय कळणार आहे? तिथे कोण मोजणार आहे?

"तुमीच मोजली ना," ते म्हणाले. "आठवी काच. मला ठसका आला, हात हालला. ती माजी खराब हाय. नऊ चांगल्या हायत तर नऊ लिवा. खोट्या कागदावर नाय जायचं मला."

त्यांना खोकल्याने पुढे बोलू दिलं नाही. माझी गाडी लागली. मी कागद पर्समध्ये टाकला आणि दोन दिवसांत आणून देते म्हटलं.

खरं सांगू? मला राग आला होता. एवढं जाऊन, धडपडून लिहून दिलं, आणि हा माणूस एका काचेसाठी कागद परत करतो. शिवाय आपल्याला पकडल्यासारखं वाटलं, तेही होतंच. त्या रविवारी बघण्याचा कार्यक्रम होता. पुढच्या रविवारी पाहुणे. कागद मी त्याच आठवड्यात पुन्हा लिहून काढला होता, पण तो पर्समध्येच राहिला. टपालाने पाठवावा, तर वाटायचं, स्वतःच जाऊ, त्यात काय. थांबायला हवं होतं तिथे मी घाई केली, आणि घाई करायला हवी होती तिथे थांबले. माझ्या सबंध आयुष्यात मला अशी दुसरी चूक दाखवता येणार नाही, आणि ती मी एकाच माणसाच्या बाबतीत दोनदा केली.

मी त्यांच्या घरी गेले तेव्हा पौष निम्मा सरला होता. ओसरीत बाई एकट्या तांदूळ निवडत होत्या. कपाळ मोकळं होतं. मला काही विचारावं लागलं नाही. त्यांनीच सांगितलं, श्वास कोंडायला लागला, कर्जतच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मी बसले. रडायचा तर मला हक्कच नव्हता.

सूप बाजूला सारून त्यांनी विचारलं, "त्यो कागुद आनला का ताई?"

मी हो म्हटलं.

"रोज म्हनायचे, ताई आनतील. त्यास्नी कामं असत्यात, पर आनतील."

मी पर्समधून कागद काढला. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी आत हाक मारली, "ये गं हिकडं, ह्ये वाच." मुलगी आली. बापासारखीच मान तिरकी करून बघणारी, लांब हातांची. तिने कागद दोन्ही हातांत धरला आणि शाळेत धडा वाचतात तसा मोठ्याने वाचायला घेतला. ‘ऑपरेटर’ या शब्दापाशी ती अडखळली, मग नीट म्हटला. बाई खाली बघून ऐकत होत्या. मुलीचं वाचून झालं. माझी सही, माझी पदवी, सगळं तिने वाचलं.

"नऊच लिवलंय ना?" आईने विचारलं.

मुलीने त्या ओळीवर बोट ठेवून पुन्हा पाहिलं. "नऊच हाय आये."

"मंग बराबर हाय," बाई म्हणाल्या, आणि कागद ठेवायला पदराला हात पुसून उठल्या.